'तरुणींची सुटका' या बातमीनंतर पुढे काय होतं? (दुभाषी म्हणून पाहिलेलं)

खरगपूरची_मराठी

नमस्कार मंडळी. पेपरात महिन्यातून एकदा तरी आतल्या पानावर एक चौकोन असतो, 'सेक्स रॅकेट उद्ध्वस्त, तीन परप्रांतीय तरुणींची सुटका', सोबत फोटो, पुढे ओढणीने तोंड झाकलेल्या मुली आणि मागे छाती काढून उभे असलेले साहेब. बातमी तिथेच संपते. दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं की पुढे त्यांचं काय करतात, तिथे उत्तर लिहायला बसले तर लांबतच गेलं, म्हणून वेगळा धागा.

माझं क्वालिफिकेशन एवढंच की मला बंगाली येतं. वडील रेल्वेत, बारावीपर्यंत खरगपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढले, मग लग्न होऊन पुण्यात. काही वर्षांपूर्वी ओळखीच्या काउन्सेलरचा रात्री साडेअकराला फोन आला की बुधवार पेठेतून आणलेली एक मुलगी आहे, हिंदी चार शब्द, मराठी शून्य, कोणाशी काही बोलतच नाहीये, येतेस का. नवऱ्याने स्कूटरवर सोडलं. तेव्हापासून बोलावतील तेव्हा जाते. (ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि दोन-तीन मुलींचं एकीत मिसळलंय, त्यामुळे कोणी शोधाशोध करू नका.)

ती बाकड्यावर पाय वर घेऊन बसली होती कारण पायात चप्पल नव्हती आणि फरशी गार. मी मनात वाक्यं जुळवून गेले होते, घाबरू नकोस, तुला कोणी मारणार नाही वगैरे. तिने माझं बंगाली ऐकलं, दोन मिनिटं टक लावून बघितलं आणि विचारलं, "दीदी, आमार बाक्शोटा?" माझी पेटी कुठाय. घर नाही, आई नाही, पेटी. रेड पडते तेव्हा मुलींना अंगावरच्या कपड्यानिशी खाली आणतात, पंचनामा होतो, त्यात पोलिसांनी पाठवलेल्या बनावट गिऱ्हाइकाला दिलेल्या नोटांचे नंबरसुद्धा लिहितात, पण पोरीची पत्र्याची पेटी कोणाच्या डोक्यात येत नाही. मी साहेबांना सांगितलं तर म्हणाले मॅडम उद्या बघू. उद्या खोलीला सील होतं.

ते साहेब वाईट नव्हते हां, त्यांनीच सगळ्यांना चहा-क्रीमरोल मागवला. पण मला बाजूला घेऊन म्हणाले, "बोलण्यावरून बघा जरा, बांगलादेशी आहे का. पानी म्हणते का जॉल?" आता हे कोणीतरी त्यांना शिकवलेलं असणार. बंगाली हिंदू जॉल म्हणतात आणि मुसलमान पानी, हे खरं, पण ते सीमेच्या अलीकडेही तसंच आहे की! चोवीस परगण्यातली मुसलमान मुलगी पानीच म्हणणार. एका शब्दावरून ती पीडित की घुसखोर हे ठरणार आणि तो शब्द मी सांगायचा. मी सांगितलं मला कळत नाही. खोटं नव्हतं ते, खरगपूरच्या बंगालीवर असले निकाल देता येत नाहीत.

पुढचं लिहिते, भाजी गॅसवर आहे.

एसटीचा_लाल_डबा

वाचतोय. भाजी उतरवून या लवकर.

मध्यमवर्गीय

चांगला विषय ताई. पण एक स्पष्ट विचारतो, राग मानू नका. एवढं करून बऱ्याचशा परत तिथेच जातात असं ऐकलंय. आमच्या ओळखीचे एक निवृत्त पीआय तर म्हणायचे की तीच पोरगी दोन वर्षांत दोनदा सोडवली. मग या सगळ्याचा उपयोग काय?

वकीलबाई

@मध्यमवर्गीय, तुमच्या पीआय साहेबांना कोणी हे विचारलं का की मधल्या काळात तिला कोणाच्या ताब्यात दिलं होतं? कारण बऱ्याच वेळा उत्तर तिथेच असतं. आता जरा कंटाळवाणं लिहिते पण लागेल पुढे.

पिटा म्हणजे अनैतिक व्यापार रोखण्याचा १९५६ चा कायदा. त्यात सोडवलेल्या बाईला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, चौकशी करायची आणि गरज वाटली तर एक ते तीन वर्षं संरक्षणगृहात ठेवायचं अशी तरतूद आहे. अठराच्या आतली असेल तर मॅजिस्ट्रेट नाही, बाल कल्याण समिती. आता पूर्वी काय व्हायचं, घरवालीचा (म्हणजे कुंटणखाना चालवणारीचा) जो वकील तोच मुलींचाही वकील, तोच कोर्टात अर्ज करणार की या सगळ्या सज्ञान आहेत, यांना सोडा, आणि बाहेर गेटवर रिक्षा घेऊन घरवालीची माणसं उभी. कोणी मावशी म्हणून, कोणी भाऊ म्हणून. मुंबईची प्रेरणा संस्था, कामाठीपुऱ्यात १९८६ पासून काम करतेय, प्रीती आणि प्रवीण पाटकर, त्यांनी यावर हायकोर्टात याचिका केली आणि २००२ च्या ऑक्टोबरमध्ये निकाल आला. अठराच्या आतल्या मुलीवर मॅजिस्ट्रेटचा अधिकार चालणार नाही, चौकशी पुरी झाल्याशिवाय सोडायचं नाही, सोडायचं तर समितीने योग्य ठरवलेल्या आईबापाकडे किंवा पालकाकडेच, आणि दलालाच्या किंवा घरवालीच्या वकिलाला त्याच केसमध्ये मुलीच्या बाजूने उभं राहता येणार नाही. आज हे ऐकून वाटतं हे काय सांगायला लागतं का. लागलं होतं.

वयाचं विचाराल तर बाल न्याय कायदा कलम ९४, आधी शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं सर्टिफिकेट, ते नसेल तर जन्मदाखला, आणि ते काहीच नसेल तर मग हाडांची तपासणी. प्रत्यक्षात पहिल्याच दिवशी एक्स-रे. आणि एक्स-रेत दोन वर्षं इकडे-तिकडे धरतातच. @खरगपूरची_मराठी, तुमच्या मुलीकडे शाळेचा कागद नव्हता का?

खरगपूरची_मराठी

होता ना. पेटीत.

बंगालमध्ये माध्यमिक म्हणजे आपली दहावी, त्याचं अ‍ॅडमिट कार्ड म्हणजे जन्मतारखेचा पुरावा, तिकडे पासपोर्टपासून सगळीकडे तेच दाखवतात. तिला पुण्यात कंपनीत पॅकिंगचं काम आहे म्हणून आणलेलं, तर पोरीने नोकरीला लागतील म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीच्या तळाशी ठेवले होते. आणि ती मला पहिल्या दिवसापासून पेटी पेटी करत होती आणि मी तिला समजावत होते, अगं कपडे काय, दुसरे मिळतील. मी विचारलंच नाही पेटीत काय आहे. ही माझी चूक, अजून टोचते.

एक्स-रेचा रिपोर्ट आला १७ ते १९. धरलं अठराच्या वर. महिलांच्या होममध्ये पाठवली. गावच्या शाळेतून कागदाची नक्कल यायला चार महिने लागले, तीही तिकडच्या संस्थेची एक कार्यकर्ती पावसापाण्याची तीनदा नाव ओलांडून शाळेत गेली म्हणून. कागद हातात आला तेव्हा ती खरोखरच अठराची होऊन तीन आठवडे झाले होते. घटनेच्या वेळी सतराची होती म्हणून पोक्सोची (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्याची) कलमं लागली, तेवढा फायदा, पण ते चार महिने तिने तिच्या आईच्या वयाच्या बायकांत काढले.

@मध्यमवर्गीय, राग नाही. परत जातात, हो. एकीने मला सरळ हिशोब सांगितला होता की दीदी, होममध्ये दिवसभर कुलूप, तिथेही कुलूपच होतं, पण तिथे निदान महिन्याला घरी दोन हजार जायचे. यावर मला काही बोलता आलं नाही.

मूळ_सांगलीकर

इथे जरा वेगळा सूर लावतो. आमच्या सांगलीत संग्राम संस्था आणि व्हॅम्पवाल्या बायका (वेश्या अन्याय मुक्ती परिषद, नव्वदच्या दशकातली) गेली कित्येक वर्षं हेच ओरडून सांगतायत की रेड म्हणजे सुटका नव्हे. सज्ञान, स्वतःच्या मर्जीने धंदा करणाऱ्या बाईलाही उचलून 'सोडवतात', तिची पोरं शाळेतून येतात तर घराला कुलूप. आणि मग होममध्ये वर्षभर पापड लाटा. इथल्या गोकुळनगर वस्तीत लहान पोरगी कोणी आणली तर पहिल्यांदा तिथल्या बायकांनाच कळतं, संस्थेला नंतर आणि पोलिसांना सगळ्यात शेवटी. त्यांना शत्रू करून तस्करी कशी थांबवणार? तुमचा अनुभव खरा आहे ताई, पण 'सुटका' या शब्दाचं एवढं कौतुक नको.

वकीलबाई

सांगलीकरांशी बरंचसं सहमत. २०२० च्या सप्टेंबरमध्ये मुंबई हायकोर्टाने अशाच तीन सज्ञान बायकांना होममधून सोडायचा आदेश दिला, साफ सांगितलं की कायद्यात वेश्याव्यवसाय हा स्वतः गुन्हा नाही, सज्ञान बाईला मर्जीविरुद्ध डांबता येत नाही. आणि सुप्रीम कोर्टाचा १९ मे २०२२ चा आदेश, त्यात राज्यांना सांगितलं की अशा होमचा सर्व्हे करा, मनाविरुद्ध ठेवलेल्या सज्ञान बायका शोधा आणि त्यांच्या सुटकेचं बघा. म्हणजे सुटकेतून सुटका! त्याच आदेशात मीडियाने ओळख उघड करू नये असंही आहे, ते धाग्याच्या सुरुवातीच्या फोटोंना लागू.

खरगपूरची_मराठी

सांगलीकर, तुमचं म्हणणं मला पटतं, पहिल्या वर्षी पटलं नसतं. पण एक अडचण सांगते. रात्री दोनला चौकीत बाकड्यावर पाच जणी बसलेल्या असतात, त्यातली एक तीस वर्षांची, ती शिव्या देतेय मला सोडा माझं पोरगं एकटं आहे, आणि तिच्या शेजारी एक सतराची, ती पण तेच म्हणतेय मी माझ्या मर्जीने आले, एकवीस वर्षांची आहे, कारण तिला तसं पाठ करून घेतलंय. दोघींचं वाक्य एकच. मी भाषांतर काय करायचं? मी शब्दाला शब्द करते. मग काउन्सेलर दोघींना वेगळं बसवून परत परत विचारते, त्याला चार-पाच दिवस लागतात आणि तेवढे दिवस त्या तिशीतल्या बाईच्या पोराकडे कोण बघतंय हे कोणी विचारत नाही.

पोरांवरून आठवलं, प्रेरणाचं नाईट केअर सेंटर यातूनच निघालं, १९८८ साली. आई रात्री कामावर तेव्हा पोरं पलंगाखाली नाहीतर गल्लीत, तर त्यांना संध्याकाळी घेऊन यायचं, जेवण-अभ्यास-झोप, सकाळी परत. आईने धंदा सोडावा अशी अटच नाही. त्यामुळे पुढची पिढी तरी त्यात ओढली जात नाही. मला या सगळ्यातली सगळ्यात हुशार कल्पना ही वाटते, हिला रेड लागत नाही, कुलूप लागत नाही.

नगरी_पावणा

आमच्या नगरच्या (आता अहिल्यानगर म्हणायचं) स्नेहालयची सुरुवातही १९८९ मध्ये अशीच लालबत्तीतल्या पोरांपासून, गिरीश कुलकर्णी तेव्हा कॉलेजातले. मी तिथे वर्षातून एकदा जातो, वाढदिवसाला केक घेऊन जाणारी मंडळी बघून मात्र डोकं फिरतं, पोरांना ओळीत उभं करून हॅपी बर्थडे म्हणायला लावतात.

अटलांटिकपार

मी न्यू जर्सीत असते. जुने चांगले कपडे भरपूर आहेत, पाठवता येतील का? शिवाय वीकेंडला ऑनलाइन इंग्लिश शिकवायची तयारी आहे.

खरगपूरची_मराठी

@अटलांटिकपार, मनापासून आभार, पण कपडे नको. प्रत्येक होममध्ये एक खोली अशा गाठोड्यांनी भरलेली असते. लागतं काय तर नवीन अंतर्वस्त्रं, सॅनिटरी पॅड, चपला (मापाच्या!) आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन. इंग्लिशचं म्हणाल तर बाहेरच्यांना मुलींशी व्हिडिओवर बोलू देत नाहीत आणि ते बरोबरच आहे.

आता पुनर्वसन. या शब्दाबरोबर एक शिलाई मशीन येतं. सरकारी असो खासगी असो, टेलरिंग, मेंदी, ब्यूटी पार्लर, मेणबत्त्या. आमच्या मुलीला टेलरिंगचं सर्टिफिकेट मिळालं, तिच्या गावात आधीच चार शिंपी आणि लोक रेडिमेड घेतात. सर्टिफिकेटवर होमचा शिक्का, म्हणजे ते दाखवायची सोय नाही.

गोंयचो_पाव

गोव्यात वास्कोला बायणा किनाऱ्यावर वस्ती होती, २००४ च्या जूनमध्ये ऐन पावसात बुलडोझर लावून पाडली. पुनर्वसन आधी की पाडणं आधी यावर तेव्हा खूप वाद झाले. धंदा काही संपला नाही, लॉजमध्ये आणि फोनवर गेला, शोधणं उलट कठीण झालं. पण तिथेच काम करणाऱ्या अर्ज या संस्थेने एक वेगळं केलं, शिलाई मशीनच्या भानगडीत न पडता मोठी लाँड्री काढली, स्विफ्ट वॉश. हॉटेलांच्या चादरी-टॉवेल धुवायचे, मशीनवर, महिन्याचा पगार. गोव्यात हॉटेलं आहेत तर चादरी मळणारच! बाई तिथे कामगार म्हणून जाते, कोणाच्या दयेवर नाही.

एसटीचा_लाल_डबा

हे भारी आहे. बाजार बघून काम काढलं.

मला एक माहितीय ते नेपाळचं. फेब्रुवारी १९९६ मध्ये हायकोर्टाच्या आदेशावरून मुंबईत मोठी धाड पडली होती, चारशेहून जास्त मुली, जवळजवळ निम्म्या नेपाळच्या. तिकडचं सरकार घ्यायला तयार होईना, एड्स आणतील म्हणे, पाच महिने होममध्ये पडून, शेवटी तिथल्या संस्थांनी मिळून सव्वाशेच्या आसपास मुली जुलैत नेल्या. आणि त्यांच्यातल्याच काही जणींनी शक्ती समूह काढला, स्वतः त्यातून गेलेल्यांनी चालवलेली संघटना. २०१३ ला मॅगसेसे मिळालं त्यांना.

खरगपूरची_मराठी

लाल डबा, हे बरं आठवलंत, कारण आता बंगालमध्येही तसं होतंय. कॅनिंगच्या बाजूला गोरानबोस ग्राम विकास केंद्र आहे, तिथे परत आलेल्या मुलींचे गट आहेत, नुकसानभरपाईचे अर्ज करण्यापासून गावातल्या पोरींना सावध करण्यापर्यंत त्याच करतात. तो सगळा सुंदरबनचा भाग, २००९ च्या आयला वादळानंतर शेतात खारं पाणी, पुरुष केरळला, चेन्नईला, आणि मुलींना न्यायला ओळखीचीच बाई येते. ओळखीचीच. व्हॅनमधून पळवून नेणं सिनेमात.

तिला घरी पोचवायला मी गेले होते, सुट्टी टाकून. आझाद हिंद एक्सप्रेस, दोन रात्री. बरोबर एक हवालदार आणि एक महिला शिपाई, भोरकडची, नागपूरच्या पलीकडे पहिल्यांदाच चाललेली. तिने फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी आणली होती. आमची बया सहा महिन्यांत तेवढं मराठी शिकली होती, "बाई, चटणी अजून द्या." रायपूर येईपर्यंत डबा साफ. सियालदाहून कॅनिंग लोकलमध्ये मात्र एक शब्द नाही, ओढणी पार नाकापर्यंत.

तिकडच्या कार्यकर्तीने आधीच बजावलं होतं, गावात वर्दी नको, पोलिसांची गाडी नको. त्यामुळे समितीच्या ऑफिसातच आजीच्या ताब्यात दिली. आजीने कागदावर अंगठा दिला, मग नातीच्या पायाकडे बघून म्हणाली, नवीन चप्पल? बस्स. गळ्यात पडणं वगैरे काही नाही. तिला नेणारी बाई तीन घरं सोडून राहते आणि तेव्हा जामिनावर बाहेर होती, ते आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं. सांगा आता.

मध्यमवर्गीय

बापरे. मग सोडून कसं आलात?

खरगपूरची_मराठी

आले. दुसरं काय करणार, तिला तिथेच राहायचं होतं, ती अठराची झालेली. त्या मुलींच्या गटातल्या दोघी रोज संध्याकाळी तिच्याकडे चक्कर मारायच्या, पहिले तीन महिने, कोणी नेमून दिलं नव्हतं. मशीन आम्ही दिलंच नाही. तिला बदकं पाळायची होती, घरामागे तळं आहे. आम्ही चौघी मैत्रिणींनी पैसे घालून बारा बदकं घेऊन दिली, दोन कोल्ह्याने नेली.

केस अजून चालू आहे. साक्षीला पुण्याला ये म्हणून समन्स आलं तेव्हा तिने फोन बंद करून टाकला. दोन हजार किलोमीटर यायचं, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात घरवाली समोर.

वकीलबाई

त्यासाठीच व्हिडिओची सोय आहे. दुसऱ्या राज्यातून आणलेल्या मुलांच्या साक्षी त्यांच्या जिल्ह्यातूनच व्हिडिओ कॉन्फरन्सवर घ्याव्यात, त्याची पद्धत सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये घालून दिलीय. सरकारी वकिलाने अर्ज करायला हवा. बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

आणि धागा वाचणाऱ्यांसाठी, आसपास लहान मुलीबाबत शंका आली तर १०९८ किंवा ११२. स्वतः हिरोगिरी करून दार वाजवायला जाऊ नका, तुम्ही निघून जाता आणि तिला रात्रीत दुसऱ्या शहरात हलवतात.

खरगपूरची_मराठी

तसाच अर्ज केला शेवटी. मागच्या महिन्यात झाली साक्ष, अर्धी. ती तिकडे कोर्टात, आपले जज इकडे, मी इकडे दुभाषी म्हणून. बचावाचे वकील विचारतात खोलीला खिडकी किती होत्या, ती म्हणते एक, मग म्हणतात पोलीस जबाबात दोन लिहिलंय. स्क्रीन मध्येच अडकली, तिचं तोंड उघडं राहिलेलं. लाईट गेली होती तिकडे. पुढची तारीख पडलीय.

इथे मुद्दा असा की दुभाषी मिळत नाहीत. बंगालीला मी आणि अजून एक काका. ओडिया, आसामी, नेपाळी, तेलुगू कोणी येत असेल पुण्यात तर सांगा. पैसे जवळपास नाहीतच, रात्री-बेरात्री जावं लागतं, आणि जे ऐकाल ते घरी सांगायचं नाही.

टिटवी

गेली कित्येक वर्षं फक्त वाचतेय इथे, पहिलाच प्रतिसाद. माहेर बरहमपूरचं, ओडिया घरचीच भाषा आहे, लग्नानंतर मराठी शिकले. कोथरूडला राहते. रात्री यायचं तर सासूबाईंना विचारावं लागेल पण त्या नाही म्हणणार नाहीत बहुतेक.

खरगपूरची_मराठी

व्यनि (खासगी निरोप) केलाय. आणि पहिल्या वेळी आलात की पेटीचं आधी विचारा, मग बाकीचं.